एकशे चाळीस मापं

गेल्या वर्षी सप्टेंबरमधल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, कळंबमधल्या आमच्या वाचनालयाच्या सभागृहात विज्ञानकथा स्पर्धेचं पहिलं बक्षीस दिलं गेलं. रक्कम पाच हजार रुपये. हजर माणसं त्रेपन्न. त्यांत मंचावर वाचनालयाचे अध्यक्ष आणि आम्ही तीन परीक्षक. समोर दुसऱ्या रांगेत ढोकीकडच्या एका गावाहून एसटीनं आलेली पस्तिशीची एक बाई आणि तिच्या शेजारी तिचे सासरे. तिची पिठाची गिरणी आहे. तिनं स्पर्धेला कथा पाठवली होती. बक्षीस तिला मिळालं नाही. ते माझ्यामुळं मिळालं नाही, आणि का मिळालं नाही हे मी माईकवरून सांगितलं.

मी पतसंस्थेत लेखापाल आहे. सव्वीस वर्षं झाली. आकडा चुकला तर मला रात्रीचं जेवण जात नाही, असं घरचे म्हणतात आणि ते खरं आहे. दुसरी गोष्ट अशी की मी स्वतः विज्ञानकथा लिहितो. वाचनालयाच्या दिवाळी अंकात माझ्या आजवर नऊ कथा आल्या आहेत. म्हणून परीक्षक म्हणून माझं नाव निघालं, आणि गुणपत्रिकाही मीच तयार केली. कल्पनेला तीस, विज्ञान आणि अचूकतेला तीस, भाषेला वीस, आणि चांगलं विरुद्ध वाईट यांच्या संघर्षाला वीस. शेवटचा रकाना माझाच आग्रह होता. अध्यक्ष म्हणाले होते, तो हवाच का? मी म्हटलं, त्याशिवाय कथा उभी राहत नाही.

मला खरंच तसं वाटायचं. लहानपणी सोनारीच्या यात्रेत सोंगं पाहिली होती. राक्षसाचं सोंग आडवं पडलं की सगळी गर्दी मोकळी व्हायची, लोक उठून भजी खायला जायचे. माझ्या नऊ कथांत तेच आहे. राक्षसाच्या जागी दूरच्या ग्रहावरचा सम्राट, देवाच्या जागी आपल्याकडचा हुशार तरुण शास्त्रज्ञ. शेवटी सम्राटाचं यान फुटतं. या प्रकरणानंतर मी त्या नऊही कथा काढून परत वाचल्या. नऊ ग्रह आहेत, आणि त्या नऊ ग्रहांवर मिळून एकही माणूस एकदाही जेवलेला नाही. कुणी अंघोळ केलेली नाही, कुणाला सासू नाही. सम्राटाच्या महालात लाल दिवे आहेत, एवढंच त्या जगाचं वर्णन. पाच कथांत तर तेच दिवे आहेत.

स्पर्धेला पंधरा कथा आल्या. त्यांतल्या बारांमध्ये सम्राट किंवा त्याच्यासारखं कुणीतरी होतं. ज्या कथेला बक्षीस मिळालं ती एका निवृत्त गृहस्थांची. वाईट इराद्याचे परग्रहवासी मांजरा धरणाचं पाणी शोषून न्यायला येतात आणि एक तरुण त्यांना पिटाळून लावतो. मी ती वाचताना खूश झालो. आता कळतं की मला ती ओळखीची वाटली म्हणून आवडली. मी तिला ब्याऐंशी गुण दिले.

गिरणीवाल्या बाईची कथा वेगळ्या जगातली होती. तिथला सूर्य फार लांब, शुक्राच्या चांदणीएवढा. वर्षातून चार-पाच दिवसच तो जरा जवळ येतो, आणि तेवढ्यात त्याचा उजेड डोंगरउतारावर दवासारखा पडून घट्ट होतो. त्याचे दाणे होतात. माणसं ते खराट्यानं गोळा करतात, वाऱ्यावर धरून धूळ उडवतात आणि पेवात भरून ठेवतात. आपल्याकडं पूर्वी जमिनीत खोल खड्डा करून ज्वारी साठवायचे, तसं पेव. मग वर्षभर घराघराला तो उजेड मापानं वाटतात. जुना उजेड तांबूस पडतो आणि त्याला कुबट वास येतो. नवी सून माहेरून येताना ओच्यात मूठभर उजेड आणते आणि तो कुणी मागायचा नसतो. भांडण करायचं तर अंधारात करायचं, उजेड जाळून भांडायचं नाही, असा तिथला रिवाज. माणूस जायला लागला की सगळ्या घरांतून एकेक दाणा येतो.

हे सगळं तिनं चौदा पानांत, पेनानं, आखीव वहीत लिहिलं होतं. पानांना कडेला पीठ लागलेलं होतं.

कथेत घडतं ते इतकंच. पेवात दोन हजार दोनशे चाळीस मापं उजेड आहे. घरं एकशे चाळीस. प्रत्येक घराला पंधरा मापं द्यायची ठरतात. मोजणारा म्हातारा घरोघर जाऊन माप टाकतो. वाटप संपतं तेव्हा पेवात एकशे चाळीस मापं उरायला हवीत, पुढच्या संकटासाठी. पण पेव रिकामं निघतं. गाव चोर शोधायला लागतं. याच्यावर संशय, त्याच्यावर संशय, झडत्या. चोर सापडत नाही. पुढच्या वर्षी तोच म्हातारा पुन्हा माप घेऊन पहिल्या दारात उभा राहतो, पहिलं माप ओतताना ‘लाभ’ म्हणतो, आणि कथा संपते.

मी कॅल्क्युलेटर घेतला. एकशे चाळीस गुणिले पंधरा, दोन हजार शंभर. दोन हजार दोनशे चाळीसमधून वजा केले तर एकशे चाळीस उरतात. लेखिकेनं ते उरवलेले नाहीत आणि चोरही दाखवलेला नाही. मी समासात लिहिलं: ‘एक तर चोर दाखवायला हवा होता, नाही तर गणित बरोबर करायला हवं होतं. विज्ञानकथेत असं चालत नाही.’ कल्पनेला सव्वीस, भाषेला सतरा, संघर्षाला दोन, अचूकतेला चार. एकूण एकोणपन्नास. बाकी दोन परीक्षकांनी तिला शहात्तर आणि चौऱ्याहत्तर दिले होते. त्यांनी विजेत्या कथेला एकाहत्तर आणि सत्तर दिले होते. बेरीज झाली तेव्हा तिचे एकशे नव्याण्णव आणि विजेत्यांचे दोनशे तेवीस.

समारंभात अध्यक्षांनी मला परीक्षणाबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. मी चार शब्दांवर थांबलो नाही. नवीन लेखकांनी काय टाळावं याचं उदाहरण म्हणून मी तिची कथा घेतली, समासातली टीप वाचून दाखवली आणि आकडे फळ्यावर मांडले. नाव घेतलं नाही, पण गिरणी चालवणाऱ्या एका भगिनीची कथा, असं म्हटलं. सभागृहात गिरणी चालवणारी भगिनी एकच होती.

ती उभी राहिली. म्हणाली, “सर, पहिलं माप धरलं का?”

मी म्हटलं, “पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी धरली, बाई. एकशे चाळीस गुणिले पंधरा तुम्हीच करून बघा.”

लोक हसले. ती बसली. तिचे सासरे तिच्याकडं न बघता फळ्याकडं बघत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती, ती पुन्हा डोक्यावर घातली. चहाला ते दोघं थांबले नाहीत.

पुढच्या रविवारची गोष्ट. माझी आई आमच्याकडंच असते, ब्याऐंशी वर्षांची आहे. ती ओसरीवर बसून पोत्यातली ज्वारी डब्यात भरत होती, पत्र्याच्या मापानं. मी शेजारी पेपर वाचत होतो. तिनं पहिलं माप ओतलं, ‘लाभ’ म्हणाली. दुसरं ओतलं आणि ‘एक’ म्हणाली. मग दोन, तीन. मी पेपर खाली ठेवला. दहावर ती थांबली तेव्हा मी विचारलं, किती झाली? म्हणाली, दहा. मी म्हटलं, अकरा टाकलीस की.

“पहिलं कुठं धरत्यात? ते लाभाचं,” ती म्हणाली. “तुझा बाप जलमभर तसंच मोजायचा. घेणाराच्या पदरात पहिलं माप फुकट. इसरलास व्हय?”

वडील मापाडी होते. खळ्याखळ्यावर जाऊन लोकांची रास मोजून द्यायचे. काही गावांत पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘दोन’, म्हणजे लाभ हाच एक. पण आमच्या वडिलांच्या आणि त्यांच्या ओळखीतल्या मापाड्यांच्या हाताला लाभ वेगळा आणि एक वेगळा होता. पंधरा सांगितली की सोळा पडायची. मी लहानपणी त्यांच्याबरोबर राशीवर बसून ते शेकडो वेळा ऐकलं आहे. शाळेच्या फॉर्मवर मात्र वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘व्यापार’ लिहायचो.

एकशे चाळीस घरं, प्रत्येकी सोळा. दोन हजार दोनशे चाळीस. पेव रिकामं. चोर नाही, चूक नाही. म्हाताऱ्यानं प्रत्येक घराला एक माप जास्तीचं दिलं होतं, आणि ज्यांना ते मिळालं तेच लोक चोर शोधत फिरत होते. त्या गावानं जे केलं तेच मी गुणपत्रिका घेऊन केलं होतं. गाव निदान आपापसात शोधत होतं. मी माईक लावून शोधला.

मी आत जाऊन पुन्हा बेरीज केली. तिच्या कथेच्या अचूकतेत आता मला काहीच दोष दिसत नव्हता. तीसपैकी तीस धरले तर माझे पंच्याहत्तर, एकूण दोनशे पंचवीस. दोन गुणांनी ती पहिली.

इथपर्यंत ही चूक होती. चुका होतात. याच्या पुढचं मला लिहायला जड जातं.

मी कुणालाही काही सांगितलं नाही. बक्षिसाच्या पाकिटात रोख रक्कम नव्हती, आमच्या पतसंस्थेतून पैसे उचलायची चिठ्ठी होती, कारण वाचनालयाचं खातं आमच्याकडंच आहे. बुधवारी विजेते गृहस्थ ती चिठ्ठी घेऊन माझ्याच टेबलापुढं उभे राहिले. मला तीन दिवस आधी सगळं कळलेलं होतं. मी सही ताडून पाहिली, नोटा दोनदा मोजल्या आणि त्यांना दिल्या. ते म्हणाले, तुमच्यासारखा जाणकार परीक्षक होता म्हणून आमचं चीज झालं. मी त्यांना चहा मागवला.

मनात म्हणत होतो की आता बदलून काय होणार, गृहस्थ म्हातारे आहेत, त्यांना दुखवायचं कशाला. हे सगळं खोटं होतं. मला फळ्यावर लिहिलेलं पुसायला जायचं नव्हतं, एवढंच खरं.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्या गावचा एक खातेदार पैसे भरायला आला. त्यानं हसत हसत सांगितलं की आमच्या गावात तुमचं नाव लई झालंय साहेब. बाई दळण मोजायला लागली की लोक म्हणतात, काट्यावर पुन्हा ठेवा, सरांनी सांगितलंय तुम्हाला गुणाकार जमत न्हाय. काही बायका दळण घेऊन दुसऱ्या गिरणीवर जायला लागल्या आहेत. तो हे मला गंमत म्हणून सांगत होता. गिरणीत माणूस पिठाला येतो तो विश्वासावर येतो. पाच किलो दिलं तर पाचाच्या जवळ परत मिळेल एवढाच तो धंदा. मी तिची कथा नाकारली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तिच्या काट्यावर बोट ठेवलं होतं.

शुक्रवारी ऐकलं आणि रविवारी गेलो. मधला शनिवार कामाचा होता आणि मला रजा वाया घालवायची नव्हती. हेही लिहून ठेवतो. आईनं ज्वारी मोजली त्या दिवसापासून एकवीस दिवस झाले होते.

गिरणी रस्त्याला लागूनच, पत्र्याची. पट्टा चालू होता आणि ती वरून दळण ओतत होती. सासरे बाहेर बाजेवर बसलेले. मला पाहून ते उठले नाहीत. मी आवाज चढवून बोलायला लागलो, मग तिनं बटण दाबून गिरणी बंद केली. मी सगळं सांगितलं: वडील मापाडी होते, आईनं मोजलं, चूक माझी आहे. मग खिशातून पाच हजारांचा धनादेश काढून काट्याच्या शेजारी ठेवला. घरून निघताना मी तो लिहूनच आणला होता.

तिनं तो उचलला नाही. विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मी तारीख सांगितली. तिनं बोटांवर मोजलं, माझ्यासमोर, सावकाश.

“चूक माईकवर सांगितली,” ती म्हणाली, “आन् दुरुस्ती गिरणीत येऊन कानात सांगताय.”

मी म्हटलं, काय करू ते सांगा.

बाजेवरून सासरे म्हणाले, “पैसं घेऊन जावा, साहेब. पैसं घेतल्यावर लोक म्हणतील, हिनंच काहीतरी करून मिळवलं.”

ती म्हणाली की बक्षीस नको, त्या म्हाताऱ्यांकडून परत घेऊ नका. कथा दिवाळी अंकात छापा. आणि कथेखाली तुमची टीप छापा, तुम्ही वाचली होती तशीच, अक्षर न बदलता. आणि त्याच्याखाली खरं काय ते लिहा. मी म्हटलं, टीप कशाला, नुसता खुलासा पुरे होईल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, पुरे कुणाला होईल? मग तिनं बटण दाबलं. एक बाई डबा घेऊन उभी होती, तिचं दळण अर्धं राहिलं होतं.

त्याच संध्याकाळी मी अध्यक्षांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, त्याचा मला जास्त त्रास झाला. म्हणाले, अंक लागला आहे, पानं भरली आहेत. आठ पानं लागतील. मी लगेच म्हटलं, वाढीव पानांचा खर्च मी देतो. अध्यक्षांनी चष्मा काढला.

“तुमची कथा सहा पानांची आहे की,” ते म्हणाले. “ती काढली तर काय होतंय?”

मला ते सुचलंच नव्हतं. माझी दहावी कथा त्या अंकात होती. मी तिच्यासाठी पैसे मोजायला तयार झालो होतो, पण स्वतःची जागा सोडायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी कथा मागं घेतली. ती अजून कपाटात आहे. तिच्यातही सम्राट आहे.

खुलासा लिहायला मला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात ‘परीक्षकांच्या नजरचुकीने’ असं लिहिलं होतं. मी तो बाकी दोन परीक्षकांना दाखवला. त्यांतल्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आमची नजर कशाला घालताय त्यात? आमची ठीक होती.” दुसऱ्या मसुद्यात ‘गैरसमजातून’ लिहिलं, ते मीच खोडलं. शेवटी सहा ओळी उरल्या: गणित कथेत बरोबर आहे, पहिलं माप मोजणीत धरत नाहीत ही रीत मला माहीत असायला हवी होती, मी मापाड्याचा मुलगा आहे, चूक माझी, लेखिकेची जाहीर माफी मागतो. संघर्षाच्या रकान्यात तिला दोन गुण दिले होते त्याबद्दलही एक ओळ लिहिली होती. त्या कथेत वाईट माणूस नव्हता असं नाही, संशय घेणारं सगळं गाव होतं, आणि मला ते दिसलं नाही. अध्यक्ष म्हणाले ती ओळ वाढवा. मी वाढवली नाही, पण काढलीही नाही.

खुलाशात ते एकवीस दिवस नाहीत. तिनं ते मागितले नव्हते, आणि तिनं मागितलं नाही ते मी दिलं नाही. छापून आल्यावर लोकांनी माझा मोठेपणा म्हणून कौतुक केलं. पतसंस्थेत एकानं हात मिळवला, म्हणाला, असं कबूल करायला धाडस लागतं. मी बुधवारी मोजलेल्या नोटा त्यालाही सांगितल्या नाहीत. म्हणून हे सगळं इथं लिहितो आहे.

अंकाच्या दहा प्रती मी तिच्या गावात नेऊन दिल्या. ग्रामपंचायतीत, दोन्ही शाळांत, चहाच्या टपरीवर. उरलेल्या गिरणीत. तिनं एक प्रत उघडून आपल्या कथेची पानं बघितली, टीप वाचली, खुलासा वाचला, आणि छपाईतली एक चूक दाखवली. एका ठिकाणी ‘पेव’च्या जागी ‘पेढ’ झालं होतं. गेलेली गिऱ्हाइकं परत आली का, हे मी विचारलं. म्हणाली, निम्मी. बाकीच्यांना दुसरी गिरणी जवळ पडते म्हणतात, ते खरंही असेल.

माझी सहा पानं काढून तिची आठ आणि खुलाशाचं एक बसवायला छापखान्याला चार पानं वाढवावी लागली. तीन भरली, एक कोरं गेलं. त्यांचे एक हजार आठशे चाळीस रुपये मी छापखान्याला दिले. परीक्षणाचं मानधन पाचशे रुपये मी वाचनालयाला परत केलं, त्याची पावती आहे. पाच हजार रुपये निवृत्त गृहस्थांकडंच राहिले. मी लिहिलेला धनादेश रद्द केला. गिरणीवाल्या बाईंना अंकातल्या इतर लेखकांना मिळाले तेवढेच, म्हणजे तीनशे रुपये, वाचनालयानं दिले. ते नेऊन द्यायचं काम माझ्याकडं होतं. तिनं मोजून घेतले आणि सही केली.